पाठ मोजणारे सर

माझ्या पाठीत चोवीस मणके आहेत हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी समजत होतो की एकच हाड आहे, लांब, मानेपासून पॅन्टच्या पट्ट्यापर्यंत. मी चौथी नापास. शरीराचा धडा पाचवीत असतो म्हणे. तिथपर्यंत आपली गाडी गेलीच नाही.

ज्यांनी हे सांगितलं त्यांना आमच्या फुलपाड्यात हाडवाले सर म्हणायचे. खरं नाव फार कमी जणांना माहीत होतं. त्यांनाही आमची नावं माहीत नव्हती, म्हणजे हिशेब बरोबर.

माझा धंदा पीओपीचा. लोकांच्या घरात खऱ्या छताखाली खोटं छत बसवायचं. वीस वर्षं वर बघून काढली. बायको म्हणते, "अहो, तुम्हाला माणसांपेक्षा पंखे जास्त ओळखू येतात." खोटं नाही ते. एकदा एका बाईंना मी बाजारात ओळखलंच नाही. त्यांनी त्यांच्या हॉलच्या छतातलं नक्षीचं फूल सांगितलं, तेव्हा म्हटलं, "अरे वहिनी, तुम्ही होय!"

तर आमच्या सोसायटीच्या हॉलचं छत मीच केलेलं. एका कोपऱ्यात ओल आली म्हणून सकाळी सहाला फळ्यांचा माचा लावून वर चढलो. खाली सात-आठ बायका आणि दोन पेन्शनर चटयांवर पालथे पडलेले. एक बारका म्हातारा एकेकाच्या पाठीवर बोट ठेवून पुटपुटत चाललेला. मला वाटलं मंत्र-बिंत्र टाकतोय. तेवढ्यात त्यांनी वर बघितलं.

"ए! मान सरळ कर."

"काका, मान सरळ करून छत कसं करू?"

"मान म्हणजे बिजागरी नाही मागे पाडायला. छाती उचल. मान मागून येईल."

मी छाती उचलली. खरंच, मान आपोआप येते हो. फक्त माझा तोल गेला आणि पीओपीची बादली खाली गेली, सेक्रेटरीच्या बायकोच्या चटईला चिकटून. सरांनी बादलीकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "उद्यापासून खाली ये. वर राहिलास तर कुणालातरी मारशील."

तो माझा योगासनाचा पहिला दिवस. आणि त्या दिवसापासून माझं नाव "मान". रस्त्यात भेटले तरी, "काय मान, कशी आहेस?" बाईसारखं. सेक्रेटरीची बायको "उजवा खुबा", एक पेन्शनर "चौथा-पाचवा". समोरून आलात तर सर ओळखायचे नाहीत, सरळ पुढे जायचे. तुम्ही पुढे गेल्यावर मागून हाक यायची. पाठमोरा माणूसच त्यांना ओळखू यायचा.

हे कुठून आलं ते सांगतो. सर डॉक्टर नव्हते. मुंबईत एका मेडिकल कॉलेजात पोरं मेलेल्या माणसाचं शरीर कापून शिकतात, त्या हॉलमध्ये ते शिपाई होते. तीस वर्षं. बॉडी टेबलावर ठेवायची, झाकायची, हाडं साफ करून मांडायची. प्रोफेसर शिकवताना हे कोपऱ्यात उभे. "पोरं दर वर्षी बदलायची," म्हणायचे, "मी तोच. पहिल्या वर्षाला तीस वेळा बसलो." आसनं त्यांना लहानपणी गावच्या मास्तरांनी शिकवलेली. हाडं हॉलने शिकवली. रिटायर झाल्यावर दोन्ही एकत्र केलं आणि आमच्या नशिबी आलं.

त्यांचा नियम एकच. मोजल्याशिवाय वाकवायचं नाही. आधी पालथं झोपायचं. मग सरांचं बोट मानेपासून खाली यायचं, एकेका मणक्यावर थांबत. मानेत सात. सगळ्यात वरचा हाताला लागत नाही, तो धरून चालायचा. मग बरगड्यांचे बारा. मग कंबरेचे पाच. सात, बारा, पाच. बोट गार असायचं, आणि इतकं हळू की झोप यायची. मला तर यायचीच. एकदा घोरलो. सर म्हणाले, "माझ्या हाताखाली आधी कुणी घोरलं नव्हतं." मग म्हणाले, "बरं वाटलं."

सरांकडे एक पाठीचा कणा होता. प्लास्टिकचा, तारेत ओवलेला, कॉलेजने टाकून दिलेला. कंबरेचा शेवटचा मणका त्यात हरवलेला, त्या जागी सरांनी दोऱ्याचं लाकडी रीळ बसवलेलं. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून घेऊन फिरायचे. एकदा स्टेशनवरून शेअर रिक्षात आम्ही दोघं आणि एक बाई. खड्ड्यात रिक्षा उडाली आणि पिशवीतून कणा बाहेर डोकावला. बाई किंचाळली. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, ये क्या है?" सर शांतपणे म्हणाले, "रीढ़. सबके पास होती है." त्याने आम्हाला तिथेच उतरवलं. मी म्हटलं, "सर, प्लास्टिकचा आहे सांगायचं ना." तर म्हणाले, "तिचा तर खरा होता. मग ती कशाला घाबरली?" ऐन उन्हात फुलपाड्यापर्यंत चालत आलो. सगळा वेळ पिशवी त्यांनी छातीशी धरलेली, लहान मूल धरावं तशी.

मागे वाकणं हा सरांचा खास विषय. लोक त्यासाठीच यायचे आणि त्यामुळेच सोडून जायचे. कारण सर वाकूच देत नसत. म्हणायचे, "मागे वाकायचं म्हटलं की सगळे कंबरेला धरतात. कंबर बिचारी भोळी बाई. कुणीही सांगावं, तिने करावं. छाती बसलेली आरामात, मांड्या बसलेल्या आरामात, ही एकटी राबते. मग एक दिवस बसते खाली." कणा हातात घेऊन दाखवायचे. बरगड्यांच्या मणक्यांची मागची टोकं एकावर एक चढलेली, कौलांसारखी. मागे वाकवलं की कौलाला कौल लागतं. म्हणून तिथे थोडंच मिळतं, आणि ते थोडंच आधी मागून घ्यायचं. मग मांडीच्या वर, जांघेत, बसून बसून आखडलेला स्नायू भिंतीपाशी गुडघा टेकून लांबवायचा. तो लांबला नाही तर तो कंबरेला पुढून ओढतो. मग खांदे. भिंतीला पाठ लावून हात कानाशी न्यायचे, बरगड्या भिंतीवरून सुटता कामा नयेत. यात मी पहिला. हात वर ठेवूनच जगलो मी. माझी चूक तिथेच सुरू झाली. एका गोष्टीत पास झालो की मला वाटतं डिग्री मिळाली.

भुजंगासनात पालथं झोपून छाती उचलली की सर म्हणायचे, "आता हात जमिनीवरून सोड." हात सोडला की छाती धपकन खाली. मग एक वीत उरायची. "ही तुझी. बाकीची हातांची होती." आठ महिने मी एक वीतच उचलली. बाजूला नव्या जिममध्ये पोरी तीन आठवड्यांत कमान करून फोटो टाकायच्या. आमच्यातल्या चार बायका तिकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या चार चटयांच्या जागा सरांनी तशाच मोकळ्या ठेवल्या. आम्ही सरकून बसलो तर म्हणाले, "नको. येतील."

मला समजावं म्हणून एकदा माझ्या धंद्यातलं विचारलं. "सीलिंग कशावर लटकतं?"

"वर स्लॅबला जागोजागी लोखंडी पत्त्या ठोकतो, त्यांच्यावर."

"आणि सगळं वजन एकाच पत्तीवर टाकलं तर?"

"ती उपटून येते. सीलिंग शेटच्या डोक्यावर येतं."

"मग मागे वाकताना काय करायचं?"

"शेटला बाजूला करायचं."

सगळे हसले. सर नाही हसले. म्हणाले, "तुला कळलंय. पण तू ते हसण्यात घालवतोस."

सर शेजारच्या चाळीत एका खोलीत एकटेच राहायचे. मी एकदा चहाला गेलो तर एकच कप. आधी मी प्यायलो, मग धुऊन ते प्यायले. भिंतीवर बायकोचा फोटो. मी विचारलं, "वहिनींना काय झालं होतं?" म्हणाले, "पाठ दुखायची. सतरा वर्षं." मग कप पुसत राहिले. "मी दिवसभर दुसऱ्यांची हाडं पुसायचो. घरी आलो की हात लावावासा वाटायचा नाही कशाला. तिची पाठ मी मोजलीच नाही कधी." मी नेहमीप्रमाणे काहीतरी विनोद शोधत होतो. सापडला नाही. एवढं एक पुण्य माझ्या नावावर लिहा.

आता मी काय केलं ते ऐका.

सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. संध्याकाळी हॉलमध्ये कार्यक्रम, ज्याला जे येतं ते. कुणी गाणं, कुणी नाच. जिमच्या पोरींनी कमानी केल्या, टाळ्या पडल्या. पहिल्या मजल्यावरचा एक जण ओरडला, "आणि हाडवाल्या सरांचे चेले? ते फक्त झोपतात ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको म्हणाली, "अहो, बसा." बायको बसा म्हणाली की मी उठतो, ही लग्नापासूनची सवय.

पुढे गेलो. पाय फाकवले, हात वर, आणि उभ्या उभ्या मागे जायला लागलो. मला माझंच छत दिसलं. कोपऱ्यातला तो ओलीचा डागसुद्धा. कुणी "सर!" म्हणून ओरडलं की मला तसं वाटलं, माहीत नाही. मग खाली, कंबरेच्या टोकाला, कुणी पत्ती उपटावी तसं झालं. अख्ख्या फुलपाड्यात पत्ती उपटल्याचा आवाज ओळखणारा मी एकटा. तो माझ्याच पाठीतून आला आणि मी जमिनीवर उताणा.

सर मागे उभे होते, हातात प्रसादाचा शिरा. तो तिथेच पडला. "हात लावू नका!" एवढ्या मोठ्याने बोलताना त्यांना मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्याच माच्याची फळी आणायला लावली. सहा जणांना दोन्ही बाजूंना बसवलं आणि तीन म्हटल्यावर सगळ्यांनी मिळून मला एकदम कुशीवर वळवलं, लाकडाच्या ओंडक्यासारखं. मग पाठीवर एकेका मणक्यावर बोट ठेवत खाली आले. शेवटच्यावर मी बोंबललो. "बरं," म्हणाले. बाकी काही नाही. माझ्याच फळीवरून मला तिसऱ्या मजल्यावर नेलं. पाच वर्षं ती फळी मी लोकांच्या घरी नेत होतो, त्या दिवशी तिने मला नेलं.

डॉक्टरने एक्सरे काढला. हाड शाबूत होतं, पण दीड महिना पट्टा आणि आराम.

आठवड्याने सोसायटीने मिटिंग बोलावली. मला बसता येत नव्हतं म्हणून हॉलमध्ये चटईवर आडवं ठेवलं. माझ्याच छताखाली. सर दाराशी उभे, पिशवी छातीशी धरून. सेक्रेटरीकाका म्हणाले, "हे बघा, उद्या कुणी मेलं तर जबाबदारी कुणाची? क्लास चालू ठेवायचा की नाही ते ठरवू." मग माझ्याकडे वळले. "तूच सांग. हे असं उभ्याने मागे जायचं सरांनीच शिकवलं होतं ना?"

एका शब्दाचं उत्तर होतं. नाही. सरांनी आठ महिने मला एका वितीच्या वर उठू दिलं नव्हतं. पण ते बोललो असतो तर सगळ्यांसमोर कळलं असतं की हा मस्तीत पडला. बायको समोर बसलेली. तिला मी सांगितलं होतं की सरांनीच शिकवलंय. सगळे वाट बघत होते. आणि मला एक विनोद सुचला.

मी म्हटलं, "काका, सर रोज मोजून घेतात. एखादा मणका कमी भरला तर टेन्शन नाही. त्यांच्या पिशवीत स्पेअरमध्ये रीळ आहे."

हॉल असा हसला की छत हाललं असेल. आजपर्यंत माझ्या कुठल्याच विनोदाला एवढं कुणी हसलं नव्हतं. सेक्रेटरीकाका डोळे पुसत म्हणाले, "बरं, सर, आता थोडे दिवस बंदच ठेवूया." थोडे दिवस म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. ते मला चांगलं जमतं.

बायकोने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "अहो, सर सहाला आले होते हो गेटवर. विसरले बहुतेक. वॉचमनने सांगितलं क्लास बंद आहे. तर त्याला म्हणाले, वळ जरा. त्याची पाठ मोजली आणि गेले."

"काही बोलले?"

"बोलले ना. वॉचमनला म्हणाले, तुझे सगळे आहेत."

मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. कुशीवर वळताना अजून दुखायचं.

बरा झालो तरी गेलो नाही. आज काम आहे, उद्या पाऊस आहे, परवा त्यांना आवडणार नाही. सहा महिने असंच. मग गेलो तर चाळीच्या खोलीला दुसरंच कुलूप. शेजारीण म्हणाली, ते भुईगावला राहायला गेले, कुणाच्यातरी वाडीत.

घरी येऊन आधी बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही विनोद केलात तेव्हाच कळलं. आता मला काय सांगताय? त्यांना सांगा."

रविवारी बाईक काढली, नालासोपारा ओलांडून भुईगावला गेलो. गल्ल्या इतक्या बारीक की समोरून गाय आली तर एकाने माघार घ्यायची. मीच घेतली. शेवटी एका वाडीत एक म्हातारी बाय केळीखाली झाडत होती. गळ्यात क्रूस.

"कोन पायजे? तो पाठीवाला?"

"होय बाय."

"मागच्या खोलीत हाय. रोज सकाळी माझी पाठ मोजतो, मगच चा घेतो. या वयात मोजून काय पळून जानार काय हाडं?" ती हसली, मग खराट्यावर टेकून म्हणाली, "सगळ्यांची मोजतो. त्याची कोन मोजनार? मी हात लावू काय? गावात काय म्हनतील!"

सर दारात स्टुलावर बसले होते, पाठमोरे. पहिल्यांदाच मी त्यांना मागून ओळखलं. हाक मारायच्या आधी खोकला आला.

"ये, मान," म्हणाले, पण वळले नाहीत. "पीओपीवाले तसे खोकतात."

वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. "सर, मी मिटिंगमध्ये खरं बोललो नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"पडलास तेव्हा मी बोट ठेवलं. शेवटच्या मणक्यावर ओरडलास. मी शिकवलं तसा वाकला असतास तर बरगड्या दुखल्या असत्या, मांडी ओढली असती. तिथे ओरडतो तो स्वतःच्या अकलेने वाकलेला."

"मग तिथेच का नाही सांगितलं?"

"तू आडवा होतास."

मला कळलं नाही. तेव्हा ते वळले, माझा चेहरा बघून म्हणाले, "तीस वर्षं कॉलेजच्या त्या हॉलमध्ये होतो. आडव्या माणसाला जाब विचारायचा नाही. मानेखाली ठोकळा द्यायचा, झालं."

"आता उभा आहे सर. परत चला. मी मिटिंग बोलावतो, सगळ्यांसमोर सांगतो."

"हॉलमध्ये काय चालतं आता?"

"झुंबा."

"आणि तो कोपरा?"

"परत ओल आलीय."

"मग आधी ते कर. माझं काय." असं म्हणून उठले. खोलीत एकच चटई होती, खिळ्याला ती पिशवी. सरांनी बनियन काढलं आणि चटईवर पालथे झोपले. गाल जमिनीला टेकलेला, डोळे मिटलेले.

"मोज," म्हणाले.

माझी बोटं म्हणजे सँडपेपर. भीतीच वाटली. सरांची पाठ एवढी बारीक की मणके दारातूनही मोजता आले असते. बोट मानेवर ठेवलं. वरचा एक धरून चाललो. सात. मग बरगड्यांच्या मधले, कौलासारखे, एकाखाली एक. बारा. सगळा वेळ सरांचा श्वास बोटाखाली वर-खाली होत होता. मग कंबरेचे पाच. शेवटच्यावर जरा थांबलो.

"चोवीस," मी म्हटलं.

बाहेर बायचा खराटा चालू होता.

"चुकलास," सर म्हणाले. "परत मोज."

मी चुकलो नव्हतो. मला दोनाचा पाढा येत नाही, पण सात, बारा, पाच मी आठ महिने रोज सकाळी ऐकलंय. झोपेतही चुकणार नाही.

"चौथी नापास ना सर," मी म्हटलं, "चुकणारच." आणि बोट परत मानेवर ठेवलं.

"सावकाश," ते म्हणाले.

मी सावकाश मोजलं.